जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधे एक बियाण्याची पिशवी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही ओळ आपण गॅदरिंगच्या स्टेजपासून इन्स्टाच्या बायोपर्यंत कुठंही चिकटवतो. ती आली कुठून, याची प्रत्येक टपरीवर वेगळी कथा ऐकायला मिळते. ते जाऊ द्या. पण या दोन ठिकाणांना जोडणारी एक वस्तू खरोखर आहे आणि दर जूनमध्ये ती परभणीच्या मोंढ्यात, मानवतला, सेलूला, पाथरीला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दिसते. बीटी कापसाच्या बियाण्याची पिशवी.

या सरकीतलं बोंडअळीला मारणारं जनुक भारतात आणलं मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीने, जालन्याच्या महिकोला सोबत घेऊन. महिकोचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे, आणि हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. पुढे २०१८ मध्ये मोन्सॅन्टोला विकत घेतलं बायरने. बायर कुठली? जर्मनीची. झाली ना ओळ खरी!

हा सौदा जगाच्या पातळीवरचा, पण तो भारताच्या स्पर्धा आयोगाकडूनही मंजूर करून घ्यावा लागला. आयोगाने अटी घातल्या. त्यातली एक अशी, की मोन्सॅन्टोकडे असलेला महिकोचा २६ टक्के हिस्सा विकून टाकायचा. म्हणजे दिल्लीत बसलेल्या आयोगाने एका जर्मन कंपनीला जालन्याच्या कंपनीतून बाहेर पडायला सांगितलं, आणि त्या निर्णयाचा शेवटचा धागा आपल्या शेतात होता. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? मलाही हा लेख लिहायला घेईपर्यंत नव्हतं.

या एका पिशवीच्या मागे तीन कायदे उभे आहेत. पिशवी बनवणारी कंपनी कशी चालते ते कंपनी कायदा बघतो. बी उगवलं नाही तर दाद कुठं मागायची ते ग्राहक संरक्षण कायदा सांगतो. आणि त्या पिशवीची किंमत कुणी एकट्याने किंवा संगनमताने फुगवली तर स्पर्धा कायदा मधे येतो. या तीन कायद्यांचा अभ्यास करणं, ते शिकवणं, त्यावर संशोधन करणं हे पूर्णवेळ करिअर असू शकतं. लॉ म्हटलं की आपल्याकडे काळा कोट, कोर्ट, नाहीतर जेएमएफसीची परीक्षा एवढंच डोळ्यासमोर येतं. लॉचा प्राध्यापक व्हायचंय असं म्हणणारं पोरगं किंवा पोरगी वर्गात क्वचितच भेटते. आणि त्यातही कंपनी, ग्राहक आणि स्पर्धा कायद्यात? हे तर मुंबई-दिल्लीच्या टाय घातलेल्या लोकांचं काम, असा एक समज आहे. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. या कायद्यांचे सगळ्यात अवघड प्रश्न आपल्या बांधावर पडलेत आणि ते उचलायला माणसंच नाहीत.

१,२५० रुपयांची रॉयल्टी शून्यावर कशी आली?

आधी किमतीची गोष्ट, कारण ती भारी आहे. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमची पिशवी १,६०० ते १,८५० रुपयांना मिळायची आणि त्यात जनुकाची रॉयल्टी, म्हणजे ट्रेट व्हॅल्यू, होती तब्बल १,२५० रुपये. बियाण्यापेक्षा त्यातल्या तंत्रज्ञानाचीच किंमत जास्त! २००६ मध्ये तेव्हाचं आंध्र प्रदेश सरकार एमआरटीपी आयोगाकडे गेलं. हा आयोग १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली काम करायचा. त्याने रॉयल्टी कमी करायला सांगितलं, आंध्रने पिशवीचा भाव ७५० रुपयांवर आणला आणि बाकीची राज्यंही त्या वाटेने गेली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदाच केला.

मग जुना एमआरटीपी कायदा गेला आणि त्याच्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा आला. कायदा २००२ चा असला तरी त्यातली मुख्य कलमं लागू व्हायला २० मे २००९ उजाडलं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ च्या हंगामात पिशवी ८०० रुपये ठरली आणि रॉयल्टी सुमारे १६३ वरून ४९ रुपयांवर आली. नंतर ३९, मग २०, आणि २०२० मध्ये शून्य. त्या वर्षी पिशवी ७३० रुपयांना होती. २०२५ मध्ये ती ९०१ रुपयांवर गेली. रॉयल्टी शून्य झाल्यावरही पिशवी महाग होत राहिली, म्हणजे खर्चाचा दुसरा कुठला तरी भाग वाढला. तो कोणता, किती, आणि कंपन्या सांगतात तेवढाच का? हा अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा मिळून प्रश्न आहे, आणि पीएचडीचा विषय म्हणून तो पुरून उरेल.

दरम्यान, फेब्रुवारी २०१६ मध्ये स्पर्धा आयोगाने महिको-मोन्सॅन्टोच्या संयुक्त कंपनीची चौकशी करायचा आदेश दिला. बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याचं प्रथमदर्शनी दिसतंय, असं आयोगाचं म्हणणं होतं. तक्रार करणाऱ्यांत हैदराबादची नुझिवीडू सीड्स ही बियाणे कंपनी होती. मोन्सॅन्टो दिल्ली हायकोर्टात गेली. आमच्याकडे पेटंट आहे, पेटंटचा प्रश्न पेटंट कायद्याने सोडवा, स्पर्धा आयोगाचा इथं संबंध काय, असा त्यांचा मुद्दा. २०२० मध्ये एका न्यायमूर्तींनी तो फेटाळला, जुलै २०२३ मध्ये खंडपीठाने तो मान्य केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचं अपील फेटाळलं. मधल्या काळात २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवूनही टाकलं होतं.

जवळजवळ दहा वर्षं हे प्रकरण चाललं. कंपन्यांनी मिटवलं, आयोग हरला. आणि ज्याच्या खिशातून पैसे गेले असं सुरुवातीला म्हटलं जात होतं, तो शेतकरी त्या खटल्यात पक्षकार म्हणून कुठंच नव्हता. पेटंट मोठं की स्पर्धा, यावर जगभरात रकानेच्या रकाने लिहिले जातात. मानवतच्या कापूस बाजारातून बघितलं तर हा प्रश्न कसा दिसतो, हे कुणी लिहायचं?

'डीएपी पाहिजे? मग ही बाटली पण घ्या'

लिंकिंग हा शब्द ज्याच्या घरी शेती आहे त्याला समजावून सांगायची गरज नाही. हव्या त्या खताच्या पोत्यासोबत नको असलेलं औषध किंवा दुसरं खत गळ्यात मारतात, ते लिंकिंग. दुकानदार म्हणतो, मलाच वरून तसं येतं, मी काय करू? कृषी खातं दर हंगामात 'लिंकिंग केल्यास कारवाई' असं बजावतं. बातम्या येतात. पुढच्या वर्षी परत तेच.

आता गंमत बघा. स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) मध्ये याला 'टाय-इन' व्यवस्था म्हटलंय. एक वस्तू विकताना दुसरी घ्यायची अट घालणं. लॉच्या पुस्तकात टाय-इनची उदाहरणं बहुतेक सॉफ्टवेअरची, नाहीतर प्रिंटर आणि त्याच्या शाईची असतात. आपल्याकडे हे उदाहरण पोत्यात भरून मिळतं आणि तरी आपण त्याला 'लिंकिंग' म्हणून सोडून देतो, कायद्याचा प्रश्न म्हणून बघतच नाही.

इथं एक तांत्रिक मुद्दा आहे आणि अभ्यासकाची गरज नेमकी त्यातच आहे. चार कंपन्यांनी बसून भाव ठरवला, कार्टेल केलं, तर कायदा आधीच धरून चालतो की स्पर्धेला धक्का बसला. उलटं सिद्ध करायचं ओझं त्या कंपन्यांवर. टाय-इनमध्ये तसं नाही. त्यामुळे बाजारातल्या स्पर्धेवर लक्षणीय वाईट परिणाम झाला, हे दाखवून द्यावं लागतं. किती दुकानांत? किती पोत्यांमागे? अट कुणाची होती, दुकानदाराची, डिस्ट्रिब्युटरची की कंपनीची? शेतकऱ्याला दुसरं दुकान होतं का? हे मोजावं लागतं. एखाद्या वैतागलेल्या शेतकऱ्याने किंवा धावपळीतल्या वकिलाने हे मोजणं शक्य नाही. संशोधन करणाऱ्या माणसाचं हे काम आहे, आणि त्याला दुकानदाराची भाषा कळली पाहिजे. दिल्लीच्या एखाद्या विद्यापीठातून आलेल्या संशोधकाला परभणीचा दुकानदार खरं सांगेल, असं मला तरी वाटत नाही. गावच्या पोराला सांगेल.

आणि हे सगळं घेऊन आयोगाकडे जायला तुम्ही शेतकरी असण्याचीही अट नाही. समीर अग्रवाल नावाच्या एका वकिलाने ओला आणि उबरच्या भाड्याबद्दल आयोगाकडे माहिती दिली होती. अपील प्राधिकरण म्हणालं, तुमचं स्वतःचं काय नुकसान झालं? तुम्हाला अधिकारच नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं खोडलं. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असं लिहिलंय, म्हणजे कोणतीही व्यक्ती. अग्रवाल मूळ मुद्द्यावर केस हरले, पण पुढच्या सगळ्यांसाठी दार उघडं करून गेले.

गुगलला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७ कोटींचा दंड झाला, व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी पॉलिसीवरून मेटाला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा. हे आपल्याला माहीत असतं, कारण रील येतात. पण औषध दुकानदारांच्या संघटना नव्या स्टॉकिस्टला 'आमची एनओसी आण' म्हणतात, यावरही याच आयोगाने अनेक निकाल दिलेत. त्यावर रील येत नाहीत.

शेतकरी 'ग्राहक' आहे का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी, निकाल १६ जानेवारी २०१२. आंध्रच्या शेतकऱ्यांना खराब बियाण्याची भरपाई मिळाली होती. त्यावर सरकारी बियाणे कंपनी भांडत भांडत वर गेली. तिचे मुद्दे ऐका. एक, बियाण्यासाठी १९६६ चा वेगळा बियाणे कायदा आहे, ग्राहक मंचाने यात पडू नये. दोन, शेतकरी पीक विकतो म्हणजे त्याने बियाणं व्यापारासाठी घेतलं, तो ग्राहकच नाही. तीन, बियाणं लॅबमध्ये तपासून घेतलं नाही, मग ते खराब होतं कशावरून?

न्यायालयाने तिन्ही मुद्दे नाकारले. बियाणे कायद्यात शेतकऱ्याला भरपाई द्यायची सोयच नाही, तेव्हा ग्राहक मंचाकडे जायचा रस्ता त्याला मोकळा आहे. पोटासाठी शेती करणारा हा ग्राहकच. आणि लॅबबद्दल जे म्हटलं, ते सगळ्यात महत्त्वाचं. शेतकरी आणलेलं सगळं बी पेरतो, उद्या केस होईल म्हणून तो त्यातलं थोडं बाजूला काढून ठेवेल अशी अपेक्षा कशी करता? लॉटचा नमुना कंपनीकडेच असू शकतो, तपासून घ्यायचं तर तिने घ्यावं. त्याआधी १९९८ मध्ये सूर्यफुलाच्या बियाण्याच्या एका केसमध्ये खुद्द महिको आंध्रच्या एका शेतकऱ्यासमोर याच मुद्द्यावर हरली होती.

मग सगळे शेतकरी जिंकतात का? नाही. २००५ मध्ये हरियाणा सीड्स विरुद्ध साधू या केसमध्ये हेच सर्वोच्च न्यायालय कंपनीच्या बाजूने गेलं. पाहणी करायला आलेल्या कृषी अधिकाऱ्यांच्या अहवालात बियाणं खराब होतं असं कुठं म्हटलंच नव्हतं. जमीन, पाऊस, मशागत, कशामुळेही पीक कमी येऊ शकतं. म्हणजे सगळा खेळ त्या एका पंचनाम्यावर. त्यात काय लिहिलंय, कुणी लिहिलंय आणि काय लिहायचं राहून गेलंय.

२०२० चा खरीप आठवत असेल. मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणीची वेळ आली. तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली. तेव्हा तालुक्याच्या बियाणे तक्रार समित्यांनी गावोगाव पंचनामे केले. त्यातले किती पंचनामे कोर्टाच्या भाषेत टिकतील असे होते? साधूच्या केसमधला अहवाल आणि आपल्या तालुक्यातले पंचनामे शेजारी ठेवून कुणी वाचले, तर पंचनाम्याचा एक चांगला नमुना तयार होईल. लॉच्या एका विद्यार्थ्याने आणि कृषीच्या एका विद्यार्थ्याने मिळून करायचं काम आहे हे. आपल्याच गावात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासून. लॉ कॉलेजही आहे. यांची एकमेकांशी भेट कधी होते, देव जाणे.

आणखी एक किचकट प्रश्न आहे चोरबीटीचा. तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं हे बियाणं बिलाशिवाय विकलं जातं. ते उगवलं नाही तर शेतकरी कुणाकडे जाणार? पावती नाही, पिशवीवरचं नाव खोटं, आणि वस्तूच बेकायदा. त्याला ग्राहक म्हणायचं की नाही? मला उत्तर माहीत नाही, पण एलएलएमच्या प्रबंधासाठी यापेक्षा जिवंत विषय मिळणार नाही.

व्यवहाराचं तेवढं सांगून ठेवते. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, ५ लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

कंपनी कायदा मात्र बांधावर आलाय

कंपनी कायदा ऐकलं की टाटा-अंबानी आठवतात. पण गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात गावोगाव 'शेतकरी उत्पादक कंपनी'च्या पाट्या लागल्यात. दहा शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी काढू शकतात. २००३ मध्ये जुन्या कंपनी कायद्यात ही सोय आली आणि आता ती २०१३ च्या कायद्याचा भाग आहे. नियम वाचण्यासारखे आहेत. संचालक किमान ५, जास्तीत जास्त १५. सभासद शेतकरी असतील तर शेअर कितीही असोत, प्रत्येकाला मत एकच. म्हणजे सहकाराचा आत्मा आणि कंपनीचं शरीर.

घोळ होतो तो शरीरात. दरवर्षी हिशोब आणि वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे भरावं लागतं, उशीर झाला की एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा फी. तीन वर्षं सलग भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. गावातल्या ज्या काकांना संचालक करून घेतलं, त्यांना यातलं कुणी किती समजावून सांगितलेलं असतं? रिलायन्सला आणि दहा शेतकऱ्यांच्या कंपनीला कागदपत्रांचं ओझं किती सारखं असावं, हा खराखुरा कंपनी कायद्याचा प्रश्न आहे, आणि त्यावर मराठीत वाचायला फारसं काही मिळत नाही.

मग प्राध्यापक यात करतो काय?

शिकवतो, हे उघड आहे. पण कायद्याच्या अभ्यासकाचं लिखाण कोर्टात वाचलं जातं, आयोगापुढे ठेवलं जातं, नवा कायदा येताना सूचना म्हणून जातं. डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२५ मध्ये. दोन्हींवर लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. अशा वेळी कंपन्या आपली टीम बसवून पानंच्या पानं पाठवतात. शेतकऱ्याच्या बाजूने कलमवार लिहिणारा कुणीतरी लागतोच.

याच रस्त्याने पुढे गेलेले लोक आहेत. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या मदतीने ग्राहक कायद्याचं अध्यासन आहे. तिथले प्रा. अशोक पाटील यांनी ग्राहक कायदा हाच आपला विषय केला आणि पुढे ते रांचीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि एक नाव तर असं आहे की तुम्ही दचकाल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आल्यावर वकिली जम धरत नव्हती, तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ शिकवत होते. विषय होता मर्कंटाइल लॉ, व्यापारी कायदा. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. संविधानकार आंबेडकर आपल्याला पाठ आहेत. हिशोबनीस होऊ पाहणाऱ्या पोरांना करार आणि हुंडी शिकवणारे आंबेडकर कुणी सांगत नाही.

शिकवण्याबरोबर निवाडा करायचाही रस्ता आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा सदस्य व्हायला पूर्वी १५ वर्षांचा अनुभव मागत होते. नागपूरचे वकील डॉ. महिंद्र लिमये यांनी त्या नियमांना हायकोर्टात आव्हान दिलं. ३ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुभवाची अट दहा वर्षांवर आणली आणि निवडीसाठी लेखी परीक्षा घ्यायला सांगितली. वशिल्यापेक्षा पेपर बरा, असं आपल्यासारख्यांना वाटणारच.

रस्ता आणि त्यातले खड्डे

बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचं. दोन्हींसाठी राज्याची सीईटी. बी.एस्सी. अ‍ॅग्री, बी.कॉम.वाल्यांनी हे नीट वाचा. तीन वर्षांचं एलएलबी तुमच्यासाठी खुलं आहे, आणि पंचनामा वाचता येणारा किंवा ताळेबंद कळणारा लॉ अभ्यासक दुर्मिळ असतो. एलएलबीत कंपनी कायदा सक्तीचा, ग्राहक कायदा अपकृत्यांच्या पेपरात, स्पर्धा कायदा बहुतेक ठिकाणी ऐच्छिक. मग एलएलएम. विधी विद्यापीठांत ते एका वर्षाचं, क्लॅटमधून. बाकी विद्यापीठांत साधारण दोन वर्षांचं. जवळचं म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा विधी विभाग आहे आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही.

एलएलएमला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि त्यासोबत नेट किंवा सेट. नेटच्या लॉ पेपरमध्ये दहा युनिट आहेत. पाचव्यात ग्राहक संरक्षण आणि स्पर्धा कायदा, सहाव्यात कंपनी कायदा. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळत पीएचडी करता येते. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं.

हा आकडा वाचून लगेच स्वप्नं बघू नका. कायम जागा कमी निघतात, आणि तोपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं. सीएचबीवाल्या सरांची अवस्था आपण आपल्याच कॉलेजात बघतो. तास झाला तर पैसे, सुट्टीत शून्य, दरवर्षी नव्याने अर्ज. नेट, पीएचडी होऊनही अनेकांची उमेदीची वर्षं यात जातात. घरी पैशांची नड असेल तर हा रस्ता डोळे मिटून धरायचा नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. एक पळवाट कायद्यानेच ठेवली आहे. वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. सकाळी वर्ग, मग जिल्हा ग्राहक आयोगात केस, असं करत उभं राहता येतं. पूर्णवेळ पगारी प्राध्यापक झाल्यावर मात्र वकिली बंद.

दुसरा खड्डा इंग्रजीचा. स्पर्धा आयोगाचे आदेश शंभर-दोनशे पानांचे आणि सगळे इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले चार आदेश वाचताना घाम फुटतो. पाचव्यापासून सोपं जातं, कारण तेच तेच शब्द परत येतात. सर्वोच्च न्यायालयाचे बरेच निकाल आता ई-एससीआर पोर्टलवर मराठीतही फुकट मिळतात. दोन्ही भाषांतले शेजारी ठेवून वाचले तर वेगळ्या क्लासची गरज पडत नाही. आणि एकदा इंग्रजी जमलं की मराठी येणं ही तुमची ताकद होते. पंचनामा मराठीत असतो, पावती मराठीत, शेतकऱ्याची साक्ष मराठीत. ती कच्ची सामग्री वाचू शकणारे कमी आहेत.

लॉला जायच्या आधीही हात मारून बघता येतो. स्पर्धा आयोग विद्यार्थ्यांना इंटर्नशिप देतो. ग्राहक आयोगांचे निकाल ऑनलाइन आहेत. परभणी जिल्हा आयोगाचे बियाण्याबद्दलचे निकाल काढा आणि वहीत चार रकाने पाडा. पीक, पंचनाम्यात काय होतं, पावती होती का, निकाल कुणाच्या बाजूने. पन्नास निकाल झाले की तुमच्याकडे कदाचित अशी माहिती असेल, जी कुठल्याच पुस्तकात नाही. इतकंही नको असेल तर या रविवारी गावी गेल्यावर कपाटातली खरिपाच्या बियाण्याची पावती शोधा आणि त्यावर लॉट नंबर लिहिलाय का बघा. पावती सापडली तर.